नसलेल्याची नोंद: कॉसमॉस बँक आणि सायबर सुरक्षेतली ऑन्टॉलॉजी

आजचा विषय वाचून एका स्नेह्यांनी मला विचारलं, "ऑन्टॉलॉजी म्हणजे कॅन्सरचं ना?" नाही, ती ऑन्कॉलॉजी. पण प्रश्न रास्त आहे. शब्द अवघड आहे, आणि ज्यांनी तो सायबर सुरक्षेत आणला त्यांनी तो सोपा करून सांगायचे कष्ट फारसे घेतलेले नाहीत. म्हणून मी शब्दापासून सुरुवात करणार नाही. आपल्या शहरात घडलेल्या एका चोरीपासून करतो.

११ ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. १९०६ साली स्थापन झालेली, पुण्यातल्या कित्येक घरांत दोन-तीन पिढ्यांची खाती असलेली कॉसमॉस सहकारी बँक. त्या दिवशी काही तासांत जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून या बँकेच्या नावाने पैसे निघाले. व्हिसाच्या बनावट कार्डांवर परदेशात सुमारे १२ हजार वेळा मिळून ७८ कोटी रुपये, आणि रुपे कार्डांवर देशात सुमारे २,८०० वेळा मिळून अडीच कोटी. देशातले पैसे जिथून निघाले त्या शहरांत आपलं कोल्हापूरही होतं. मध्ये रविवार गेला. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या मार्गाने आणखी सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका कंपनीच्या खात्यावर गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला.

त्यानंतर बँकेने खातेदारांना धीर देताना दोन गोष्टी सांगितल्या: आमची कोअर बँकिंग प्रणाली सुरक्षित आहे, आणि कुणाच्याही खात्यातून पैसे गेलेले नाहीत. अनेकांना हा नेहमीचा खुलासा वाटला. पण या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आजचं सगळं व्याख्यान त्या खरेपणावर उभं आहे, म्हणून जरा खोलात जाऊ.

तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता, पिन देता, रक्कम सांगता. ही विनंती एका संदेशाच्या रूपात व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या 'स्विच'कडे येते. स्विच म्हणजे बँकेच्या दारातला माणूस समजा. तो आत जाऊन कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या मूळ खातेवहीला, विचारतो: या खात्यात एवढे पैसे आहेत का? खातेवही हो म्हणाली की तो बाहेर येऊन 'द्या' म्हणतो. कॉसमॉसमध्ये चोरांनी काय केलं? त्यांनी या दारातल्या माणसाच्या जागी आपला माणूस उभा केला. पोलीस आणि बँक ज्याला 'प्रॉक्सी स्विच' म्हणत होते, तो हा. बाहेरून विनंती आली की हा आत जातच नव्हता. उभ्या उभ्या 'द्या, द्या' म्हणत होता.

म्हणजे खातेवहीला कुणी हात लावला नव्हता, कारण खातेवहीला कुणी विचारलंच नव्हतं! कोअर बँकिंग सुरक्षित होतं, ते या अर्थाने. आणि खातेदाराच्या खात्यातून पैसे वजा झाले नव्हते, कारण वजा करायचा निरोप तिथपर्यंत पोचलाच नव्हता. भुर्दंड बँकेला पडला.

आता शब्दाकडे वळू.

ऑन्टॉलॉजी मूळची तत्त्वज्ञानातली. जगात कोणकोणत्या जातीच्या गोष्टी आहेत आणि त्यांचे एकमेकांशी काय संबंध आहेत, हा तिचा प्रश्न. संगणकशास्त्राने हा शब्द उचलला आणि जरा खाली उतरवला. टॉम ग्रूबर यांनी १९९३ मध्ये केलेली व्याख्या नेहमी सांगितली जाते. तिचा मराठीत आशय असा: एखाद्या विषयाकडे आपण ज्या कल्पनांमधून बघतो, त्या कल्पना यंत्रालाही कळतील इतक्या उघड आणि नेमक्या मांडणं. यादी आणि ऑन्टॉलॉजी यांत फरक हा की यादी नुसती नावं देते; ऑन्टॉलॉजी नावं देते, जाती लावते, नाती सांगते, आणि त्यावरून न लिहिलेली गोष्ट अनुमानाने काढू देते. 'प्रत्येक एटीएम स्विच हा सर्व्हर आहे' आणि 'प्रत्येक सर्व्हरला प्रशासक असतो' एवढं लिहिलं, की स्विचला प्रशासक असतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

सायबर सुरक्षेला याची गरज का पडली? नावांच्या गोंधळामुळे. एकच दोष एका कंपनीच्या अहवालात एका नावाने आणि दुसरीच्या अहवालात दुसऱ्या नावाने. १९९९ मध्ये सीव्हीई नावाची यादी सुरू झाली, तिने प्रत्येक दोषाला एक क्रमांक दिला. पुढे मायटर या अमेरिकी संस्थेने हल्लेखोरांच्या पद्धतींची 'अटॅक' नावाची मांडणी केली, ती २०१५ पासून सगळ्यांना खुली आहे. धोक्यांची माहिती एकमेकांना पाठवायला 'स्टिक्स' नावाची भाषा आली. मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे वेगवेगळे कोश एका ऑन्टॉलॉजीत जोडायचा प्रयत्न केला. आणि २०२१ मध्ये मायटरनेच बचावाच्या उपायांची मांडणी आणली, 'डिफेंड'. ती तर सरळ ऑन्टॉलॉजी म्हणूनच बांधलेली आहे.

मी टीका करायला उभा आहे, पण आधी श्रेय देतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने निर्देश काढले: सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा. सोबत घटनांच्या वीस प्रकारांची यादी जोडली. आता कॉसमॉससारखी घटना त्या यादीत कुठे बसवाल? दुष्ट सॉफ्टवेअर होतं, तो एक प्रकार. महत्त्वाची यंत्रणा ताब्यात गेली, तो दुसरा. डिजिटल पेमेंट व्यवस्थेवर हल्ला झाला, तो तिसरा. तिन्हींवर खूण करा, ठीक आहे. पण या तीन वेगळ्या घटना नाहीत, एकाच घटनेच्या तीन बाजू आहेत. आणि पहिलीमुळे दुसरी आणि दुसरीमुळे तिसरी घडली, हे यादीत कुठेच दिसत नाही. यादीला 'मुळे' हा शब्द माहीत नसतो. ऑन्टॉलॉजीला तो शिकवता येतो. उद्या सांगली, सोलापूर, नाशिक इथल्या सहकारी बँकांमधून अशी माहिती जमली, तर 'स्विच ताब्यात जाण्याआधी सर्वसाधारणपणे काय घडतं' हा प्रश्न यंत्राला विचारता येईल. हे मोठं काम आहे, आणि ते व्हायला हवं.

आता टीका. माझे आक्षेप दोन. पहिला लहान, दुसरा मोठा.

पहिला आक्षेप नावांबद्दल. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारने 'फास्टकॅश' या नावाने एक इशारा दिला. त्यात वर्णन केलेली पद्धत आपल्याला ओळखीची आहे: बँकेचा स्विच ताब्यात घ्यायचा आणि विनंतीला आपणच होकार द्यायचा. तो इशारा म्हणतो, हे 'हिडन कोब्रा'चं काम. दुसरे अहवाल म्हणतात 'लाझरस'. एक कंपनी म्हणते 'एपीटी३८', दुसरी म्हणते 'ब्लूनोरॉफ'. सगळ्यांचा रोख उत्तर कोरियाकडे. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या अहवालात उत्तर कोरियाच्या संदर्भात कॉसमॉसचा उल्लेख आला.

ऑन्टॉलॉजीत 'हे आणि ते एकच' असं सांगायची सोय आहे. ती फार मोहाची आहे आणि फार घातक. एकदा 'लाझरस म्हणजेच एपीटी३८' असं लिहिलं, की यंत्र एकाची सगळी कृत्यं दुसऱ्याच्या माथी मारतं. मायटर स्वतः सांगतं की उत्तर कोरियाच्या या गटांच्या व्याख्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. म्हणजे ही गटांची नावं नव्हेत, मतांची नावं आहेत. तुलनेला आपलं न्यायालय बघा. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. ते पुराव्याने सिद्ध झालेलं. तज्ज्ञ मंडळाचा अहवाल ही एक दर्जाची गोष्ट, एखाद्या कंपनीचा अंदाज ही दुसऱ्या दर्जाची, आणि न्यायालयाचा निकाल तिसऱ्या. चांगल्या मांडणीत 'कोण म्हणतं' आणि 'कशावरून म्हणतं' हे प्रत्येक विधानाला चिकटलेलं हवं. स्टिक्समध्ये खात्रीचं प्रमाण लिहायची जागा आहे, पण ती ऐच्छिक आहे. आणि ऐच्छिक रकाने रिकामे राहतात, हे कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला मी सांगायला नको.

हा आक्षेप सुधारता येण्यासारखा आहे. दुसरा मुळाशी जातो.

पुन्हा त्या शनिवारी जाऊ. त्या दिवशी बँकेत वाईट असं काय 'दिसत' होतं? विनंत्या येत होत्या, त्या रोजच येतात. होकार जात होते, तेही रोजच जातात. चुकीची गोष्ट एकच होती, आणि ती दिसणारी नव्हती: स्विचकडून खातेवहीकडे जायला हवे होते ते हजारो निरोप गेले नव्हते. चोरीचं मर्म घडलेल्या गोष्टीत नव्हतं, न घडलेल्या गोष्टीत होतं.

आता मला सांगा, ही न घडलेली गोष्ट आपल्या या ऑन्टॉलॉजींमध्ये कुठे लिहायची?

स्टिक्स बघा. त्यात 'निरीक्षण' नोंदवायची एक वस्तू आहे, आणि किती वेळा दिसलं हे लिहायला आकडा आहे. नियम असा की तो आकडा किमान एक हवा. शून्य चालत नाही! न्यायाने हेही सांगतो की त्याच स्टिक्समध्ये 'दर्शन' नावाची दुसरी नोंद आहे आणि तिथे शून्य चालतं. पण ते शून्य कशाचं? मुख्यतः शत्रूचं. 'अमुक विषाणू आमच्याकडे शोधला, सापडला नाही', हे सांगायला ते उपयोगी. 'आमचाच रोजचा निरोप आज आला नाही' हे सांगायला तिथे जागा नाही, कारण रोजचा साधा निरोप या भाषेच्या मुख्य वस्तूंमध्ये मोडतच नाही. 'डिफेंड' बघा. हल्ला आणि बचाव यांना जोडणारी मधली कडी तिथे 'डिजिटल वस्तू' आहे: फाइल, प्रक्रिया, जाळ्यावरचा संदेश. कल्पना फार सुंदर आहे. पण कडी व्हायला वस्तू असावी लागते. न गेलेला संदेश ही वस्तू नव्हे.

आणि या सगळ्याच्या खाली जे तर्कशास्त्र आहे, ज्या भाषेत ऑन्टॉलॉजी लिहिल्या जातात त्या 'आउल'चं, त्याची एक प्रतिज्ञा आहे. तिला 'खुल्या जगाचं गृहीतक' म्हणतात. एखादी गोष्ट लिहिलेली नाही, म्हणून ती नाही असं समजायचं नाही; ती अजून कळलेली नाही एवढंच समजायचं. इंटरनेटसाठी हे शहाणपणाचं आहे. पण बँकेच्या पहारेकऱ्याला विचारा: खातेवहीकडे निरोप गेला का? तो म्हणतो, नोंद नाही. गेलाही असेल, सांगता येत नाही. या उत्तराने ७८ कोटी जातात.

इथे मला आपल्या परंपरेतला एक विचार आठवतो, आणि अभिमान मिरवायला नव्हे, कामाला येतो म्हणून सांगतो. वैशेषिकांनी जगातल्या गोष्टींच्या मूळ जाती लावल्या, त्यांना पदार्थ म्हणतात. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय असे सहा. पुढे त्यांत सातवा स्पष्टपणे मोजला गेला: अभाव. नसणं ही सुद्धा एक जात! न्याय शिकणारा विद्यार्थी ज्या पुस्तकापासून सुरुवात करतो त्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त सात पदार्थ आहेत आणि अभावाचे चार प्रकार आहेत. ज्यांना हे शब्द मुळातून बघायचे असतील त्यांच्यासाठी भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' आहे. त्याची सुधारित आवृत्ती याच पुण्यात भांडारकर संस्थेने काढली.

नैयायिकांनी नुसतं 'अभाव आहे' म्हणून सोडलं नाही. त्यांनी विचारलं, कशाचा अभाव, आणि कुठे? 'जमिनीवर घडा नाही' या ज्ञानात घडा हा एक टोक, जमीन हे दुसरं. ज्याला घडा म्हणजे काय ते माहीत नाही, त्याला घडा नसल्याचं कधीच कळणार नाही. बँकेच्या भाषेत: प्रत्येक होकारामागे खातेवहीचं एक उत्तर असायलाच हवं, हे ज्या व्यवस्थेला माहीत नाही, तिला ते उत्तर नसल्याचं दिसणार नाही.

दुसरी अट त्याहून मोलाची. घडा दिसत नाही एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येतं का? अंधारात नाही म्हणता येत. 'असता तर दिसला असता' अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत. याला योग्य-अनुपलब्धी म्हणतात. खुल्या जगाच्या गृहीतकावरचा वाद माझ्या मते इथे मिटतो. अंधारात खुलं जगच बरोबर: ज्या यंत्राच्या नोंदी आपण ठेवतच नाही, तिथे 'दिसलं नाही' याला अर्थ नाही. पण जिथल्या नोंदी पूर्ण आहेत, तिथे न दिसणं हा पुरावा आहे. तेव्हा ऑन्टॉलॉजीने हल्लेखोर, हत्यारं, दोष यांच्या जोडीला दोन गोष्टी सांगायला हव्यात: काय असायलाच हवं, आणि कुठे उजेड आहे.

यावर जाणकार दोन उत्तरं देतील, तीही ऐकू. एक: अशी बंधनं लिहायला 'शॅकल' नावाची भाषा २०१७ पासून आहे, ती नसलेलं पकडते. खरं आहे. साधन आहे. पण त्या साधनाने काय तपासायचं हे शेजारच्या दुकानातून आणता येत नाही. हल्लेखोरांची यादी अमेरिकेतून आयात करता येते, 'आपल्या बँकेत रोज काय घडायलाच हवं' याची यादी नाही येत. दोन: हे काम ऑन्टॉलॉजीचं नव्हे, व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचं. हे मला पटत नाही. ती यंत्रणा ज्या ज्ञानावर चालते ते लिहून ठेवायचं नाही, तर ज्ञानाची मांडणी म्हणायचं कशाला? ते ज्ञान मग एखाद्या जुन्या अधिकाऱ्याच्या डोक्यात राहतं आणि त्याच्याबरोबर निवृत्त होतं.

गंमत म्हणजे आपल्या सहकारी बँकांना हे ज्ञान नवीन नाही. रोजकीर्द आणि खतावणी यांचा संध्याकाळी मेळ घालणारा कारकून हेच करत होता. मेळ बसला नाही की तो घरी जात नसे. त्याला चोराचं नाव, गाव, पद्धत काही ठाऊक असायची गरज नव्हती. एवढंच ठाऊक होतं की इथे एक नोंद असेल तर तिथे तिची जोडीदार नोंद हवीच. कॉसमॉसच्या बाबतीत वह्या तीन: व्हिसा-रुपेच्या जाळ्याची, स्विचची आणि कोअर बँकिंगची. स्विचची वही चोराच्या हातात असू शकते, म्हणून तिच्यात उजेड धरायचा नाही. उरलेल्या दोन वह्या एकमेकींशी ताडायच्या, आणि त्याही संध्याकाळी नव्हे, मिनिटामिनिटाला; सुट्टीच्या शनिवारीसुद्धा. बाहेर होकार आहे आणि आत प्रश्नच नाही, असं दिसलं की दार बंद.

रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार पातळ्यांची चौकट आणली: जितकी बँक डिजिटल व्यवहारांत खोल, तितक्या अटी जास्त. विचार योग्य आहे. पण लहान बँकेत प्रत्यक्षात काय होतं? अटींची यादी येते, एक तक्ता तयार होतो, 'आहे', 'आहे', 'आहे' अशा खुणा पडतात. पुन्हा आपण 'आहे' चीच वही भरतो. त्या तक्त्याला एक रकाना जोडता आला तर जोडा: कोणती गोष्ट एक दिवस घडली नाही, तर आपल्याला किती वेळात कळेल? ज्या ओळीपुढे उत्तर लिहिता येणार नाही, तिथे अंधार आहे.

शेवटी एवढंच. परदेशातल्या या मांडण्या टाकून द्या असं मी म्हणत नाही. त्या वापरा, त्यांतली नावं वापरा, नाहीतर आपण जगाशी बोलू शकणार नाही. पण त्या शत्रूचं ज्ञान आहेत. आपल्या घरात रात्री कोणता दिवा लागलेला असायला हवा, हे ज्ञान आपलं आपल्यालाच लिहावं लागेल. शत्रू दरवेळी नवं नाव घेऊन येईल. न लागलेला दिवा मात्र दरवेळी तोच असेल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.